टाकीची वाघीण : चिपळूणच्या टेबलावरच्या नोंदी

९ जून २०२४, रविवार

उद्यापासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक सुरू. ऑक्टोबरअखेरपर्यंत गाड्या हळू धावणार आणि मला संध्याकाळी टेबलावर बसायला वेळ मिळणार. गणपती ७ सप्टेंबरला आहेत. यंदा मखराच्या भोवती मॉडेलचे छोटे रूळ मांडून त्यावर मालगाडी फिरवायची, आणि त्या मालगाडीत निदान दोन टाकीच्या वाघिणी स्वतः केलेल्या असायच्या, असं ठरवलं आहे.

वाघीण हा शब्द मुद्दाम वापरतो. आमच्या आजोबांच्या तोंडी मालगाडीचा डबा म्हणजे वाघीणच. वॅगनवरून आलेला शब्द, पण मराठीत येऊन त्याला पंजे फुटले.

पूर्वी माझ्याकडे अशा पाच होत्या. २२ जुलै २०२१च्या पुरात तळमजल्यावरचं घर पाण्याखाली गेलं. चार चिखलाबरोबर गेल्या. पाचवी आठ दिवसांनी कपाटामागच्या गाळात सापडली. टाकीला खालच्या बाजूने उभी भेग गेलेली, कड बाहेर आलेली. ती पुसून तशीच ठेवली होती. आज बाहेर काढली आणि टेबलाच्या कोपऱ्यात समोर ठेवली.

करायची आहे ती बीटीपीएन. बी म्हणजे बोगी (डबा नव्हे, डब्याखालची चार चाकांची चौकट), टी म्हणजे टँक, पी म्हणजे पेट्रोल आणि शेवटचा एन म्हणजे हवेचा ब्रेक. चिपळूण स्टेशनच्या फलाटावर उभं राहिलं की ज्यांचा लांबच लांब रेक डोळ्यांसमोरून जातो, त्याच या.

१५ जून, शनिवार

तात्यांकडे गेलो होतो. तात्या रेल्वेत टी.एक्स.आर. होते, म्हणजे गाडी निघण्याआधी प्रत्येक डब्याखाली वाकून बघणारा माणूस. आयुष्य कल्याणच्या यार्डात गेलं, आता वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्यासमोर मी माझा कागद ठेवला. लांबी, रुंदी, उंची सगळं ८७ने भागून लिहिलेलं, कारण माझं मॉडेल एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं. त्यांनी कागद बाजूला सारला.

"आधी मला सांग, हिच्या पोटात काय आहे?"

"पेट्रोल."

"मग टाकी एवढीच का? याहून मोठी का नाही? लहान का नाही?"

मला सांगता येईना. मग त्यांनी पेन घेतलं. एका धुरीवर, म्हणजे चाकांच्या एका जोडीच्या आसावर, २०.३२ टन भार चालतो. चार धुऱ्या, म्हणजे ८१.२८ टन. त्यातून वाघिणीचं स्वतःचं वजन सुमारे २७ टन वजा कर. उरले ५४. आता पेट्रोल पाण्याहून हलकं, एका घनमीटरला पाऊण टनाच्या आसपास. म्हणजे ५४ टन पेट्रोलला सत्तरएक घनमीटर जागा लागते. टाकी तेवढीच आहे.

"आता तिच्यात गंधकाचं आम्ल भर." गंधकाम्ल पाण्याच्या १.८४ पट जड. ५४ टन भरायला तीस घनमीटरही लागत नाहीत. म्हणून आम्लाची टाकी बारकी, पेट्रोलची पोटुशी. रूळ तेच, चाकं तीच, पण पोटातल्या द्रवाने टाकीचा आकार ठरवला.

ऐकताना मला आमचा महामार्ग आठवला. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारे टँकर लहानपणापासून बघतोय. काहींच्या टाक्या ट्रकच्या मानाने इतक्या सडपातळ का, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. येताना बहादूरशेख नाक्यावर मुद्दाम अर्धा तास उभा राहिलो. टँकरच्या मागच्या चौकटीतले आकडे वाचले. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १८३० गंधकाम्ल, १८२४ कॉस्टिक सोड्याचं द्रावण. १८३०ची टाकी खरोखरच सडपातळ होती.

माझा जुना कागद फाडला. आता टाकीपासून सुरुवात, चौकट नंतर.

२३ जून, रविवार

माप असं काढलं. वाघिणीची कपलरपासून कपलरपर्यंतची लांबी सुमारे १२.४ मीटर, म्हणजे एचओ मापात साधारण १४३ मिलिमीटर. टाकी त्यातली अकरा मीटरच्या आसपास. सत्तर घनमीटर पोट आणि अकरा मीटर लांबी म्हटलं की व्यास सुमारे २.८५ मीटर येतो. ८७ने भागल्यावर ३३ मिलिमीटरच्या आत-बाहेर.

हार्डवेअरच्या दुकानात ३२ एमएमचा पीव्हीसी पाइप मिळतो. वर अर्ध्या मिलिमीटरचा स्टायरिनचा, म्हणजे प्लास्टिकचा, पत्रा गुंडाळला की बरोबर ३३. हे जुळलं तेव्हा दुकानातच व्हर्नियर लावून दोनदा खात्री केली. दुकानदाराने फूटभर पाइपचे पैसेच घेतले नाहीत.

पत्रा थेट गुंडाळला तर सांध्याशी उघडतो, फुगून बसतो. म्हणून १०२ मिलिमीटर रुंदीची पट्टी कापून आधी २५च्या पाइपवर सुतळीने आवळली, उकळून थोड्या निवलेल्या पाण्यात दोन मिनिटं धरली, मग गार पाण्यात. सोडल्यावर पट्टीने स्वतःहून गोलाई धरली. चिकटवताना सांधा खालच्या बाजूला घेतला, तिथे चौकट येणार आहे.

बीटीपीएनची टाकी वेल्डिंगची, त्यामुळे रिवेटचे ठिपके नकोत. जुन्या चारचाकी टाक्यांना मात्र ते हवेत. वेल्डिंगच्या रेषा दाखवायला ताणून बारीक केलेला स्टायरिनचा धागा चिकटवला आणि पॉलिश पेपरने जवळजवळ पुसून टाकला. दिव्याखाली तिरकं धरलं तरच दिसावा इतकाच.

३० जून, रविवार

टाकीची टोकं. या कामाने मला दहा दिवस झोपू दिलं नाही.

टाकीचं टोक सपाट नसतं, बशीसारखं फुगीर असतं. आतला दाब आणि गाडीला धक्का बसला की पुढे-मागे उसळणारं तेल, दोन्हींचा जोर फुगीर टोक सगळीकडे वाटून घेतं. सपाट टोक कडेच्या सांध्याशी फाटलं असतं. म्हणजे ही बशी नीट जमली नाही तर टाकी टाकी वाटत नाही, नुसता पाइपचा तुकडा वाटतो.

मावशी सावंतवाडीला असते. तिथे लाकडी खेळणी करणारे कारागीर आहेत. मधे गेलो तेव्हा एका कारागिराकडून सागाचा ठोकळा कातून आणला होता, तोंडाला बशीची गोलाई दिलेला. मी त्यांना फोटो दाखवला, त्यांनी ठोकळा यंत्रावर चढवला, पटाशी टेकवली, आणि चार मिनिटांत हवा तो आकार. व्यास त्यांनी ३१ ठेवला. "वरून पत्रा बसणार ना तुमचा? मग मला पत्र्याची जाडी सोडायला हवी," असं त्यांनीच सांगितलं. माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं.

पद्धत अशी. प्लायवूडला ३३.५ मिलिमीटरचं भोक. त्यावर एक मिलिमीटर जाडीचा स्टायरिनचा तुकडा चारी बाजूंनी खिळे मारून ताणलेला. विजेच्या शेगडीवर वीतभर उंचीवर धरायचा. आधी तो थरथरतो, मग कडा आकसतात, मग मधोमध किंचित झोळ येतो. झोळ आला की दोन आकडे मोजायचे आणि ठोकळा भोकातून सरळ खाली दाबायचा. एक आकडा आधी दाबला तर पत्रा पांढरा पडतो. तीन आकडे थांबलं तर मधोमध पातळ होऊन फाटतो. चौदा तुकडे वाया गेले. पंधरावं टोक बाहेर आलं ते इतकं नितळ, की तसंच तळहातावर ठेवून आईला दाखवायला स्वयंपाकघरात गेलो. तिने ते दिव्याकडे धरलं आणि म्हणाली, "निरांजनाची ताटली वाटते रे."

आणखी तीन झाली. दोन वाघिणींची चार टोकं तयार.

७ जुलै, रविवार

बोग्या आल्या. रत्नागिरीला अभियांत्रिकीला असलेल्या भाच्याने रेझिनमध्ये प्रिंट करून पाठवल्या. कॅसनब जातीची बोगी, दोन बाजूंच्या ओतीव चौकटी आणि मधला आडवा बोल्स्टर. खऱ्या बोगीच्या दोन धुऱ्यांत २ मीटर अंतर, आपल्याकडे २३ मिलिमीटर. खरं चाक १ मीटरचं, म्हणजे साडेअकरा हवं. बाजारात अकराचं मिळतं. अर्धा मिलिमीटर सोडून दिला.

रुळाच्या रुंदीचंही तसंच. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, एचओमध्ये १९.३ व्हायला हवा, आणि मिळणारा रूळ साडेसोळाचा. सगळे रूळ-सांधे हाताने करायची तयारी असेल तर १९.३ जमेल. गणपतीपर्यंत मला जमणार नाही.

१५ जुलै, सोमवार

काल संध्याकाळी विन्हेरे आणि दिवाणखवटीच्या मध्ये दरड आली, रेल्वे बंद. ताई मुंबईहून निघणार होती, तिला थांबायला सांगितलं.

शनिवारी पावसाने तासभर उघडीप दिली आणि मी रंगाची घाई केली. रुपेरी रंगाचा स्प्रे मारला, सुंदर बसला. दहा मिनिटांनी बघतो तर टाकीवर धुकं. पांढुरका, दुधाळ थर. रंगातलं थिनर झपाट्याने उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो आणि आपल्या जुलैच्या हवेतलं पाणी त्यावर बसून रंगात अडकतं. उघडीप असली तरी हवा कोरडी नव्हती.

आज दुरुस्ती. पुठ्ठ्याच्या खोक्यात साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब लावला, टाक्या दोन तास आत ठेवून कोमट केल्या, सावकाश उडणारं थिनर घालून ब्रशने अगदी पातळ हात फिरवला. धुकं विरघळलं. दुसऱ्या टाकीवर एका जागी ब्रशचा माग राहिला आहे. तिथे शिडी येते.

खोकं आता कायमचं ठेवतो आहे. पावसाळ्यात रंगवायचं तर वस्तू हवेपेक्षा कोमट हवी, एवढं कळलं.

२१ जुलै, रविवार

उद्या पुराला तीन वर्षं होतील.

जुनी पाचवी वाघीण आज कापली. तिच्यात वजन कसं भरलं होतं ते बघून नव्या दोघींत तसंच भरायचं होतं. करवतीने मधोमध चिरली आणि हात थांबला. आत शिशाच्या छर्‍यांभोवती पांढरी, खरबरीत, फुगलेली पूड. छरे अर्धेमुर्धे खाल्लेले. पुडीने आतून रेटा देऊन टाकी फोडली होती. भेगेची कड बाहेर वळलेली होती, हे मी तीन वर्षं बघत होतो. बाहेरच्या पाण्याने चेपली असती तर ती आत गेली असती.

मी त्या वेळी छरे सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवले होते. त्या गोंदात अ‍ॅसिटिक आम्लाचा अंश राहतो, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. ते शिशाला लागलं, दमट हवा मिळाली, की शिशाचे पांढरे क्षार तयार होतात आणि ते मूळ शिशापेक्षा जास्त जागा घेतात. रंगाऱ्यांचा जुना सफेदा पूर्वी असाच करत. शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेत महिनोन् महिने ठेवायचे.

म्हणजे भेग पुराने पाडलीच नाही. पुराने बाकीच्या चार नेल्या हे खरं. पण हिला मीच, माझ्या हाताने, पूर येण्याच्या आधीच फोडायला घेतलं होतं. त्या पुराच्या खात्यावर आमच्या घराचं इतकं काही मांडलेलं आहे, की ही एक ओळ तिथून काढून माझ्याकडे घेताना बराच वेळ बसून राहिलो.

पूड ओल्या फडक्याने पुसून बंद पिशवीत घातली, हात दोनदा धुतले. शिसं हाताळताना हातमोजे आणि जेवणाच्या टेबलापासून लांब, हे यापुढे पाळायचं.

४ ऑगस्ट, रविवार

वजन. मॉडेलवाल्यांचा रूढ हिशेब असा की एचओच्या डब्याला मुळात एक औंस, वर दर इंचाला अर्धा औंस. आपली वाघीण ५.६ इंच, म्हणजे ३.८ औंस, म्हणजे १०८ ग्रॅम. हलकी राहिली तर वळणावर रूळ सोडते, मागून ढकलताना तर हमखास.

शिसं दाभोळहून आणलं. जाळ्याच्या खालच्या दोरीला ओवायचे, भोक असलेले लांबट तुकडे. छर्‍यांपेक्षा हे बरे, कारण तार ओवून टाकीच्या तळाशी रांगेने बसवता येतात, वजन खाली राहतं. चिकटवायला या वेळी इपॉक्सी. नेहमीचं सिलिकॉनसुद्धा घेतलं नाही, कारण सुकताना त्याला व्हिनेगरचाच वास येतो आणि आता तो वास मला टाकीत नको आहे. दोन्ही वाघिणी बोग्यांसकट १०७ आणि १०९ ग्रॅम भरल्या.

एक बोगी स्क्रूने घट्टसर, फक्त डावी-उजवीकडे वळेल एवढी, दुसरी सैल, चारी बाजूंनी डुलणारी. दोन्ही घट्ट केल्या तर रुळाच्या उंचसखलात एक चाक अधांतरी राहतं.

९ ऑगस्ट, नागपंचमी

क्रमांक.

वाघिणीवरचा अकरा आकडी क्रमांक मनाला येईल तसा लिहायचा नसतो. पहिले दोन आकडे जात सांगतात, टाक्यांना ४० ते ५४ हा पट्टा. पुढचे दोन मालक रेल्वे. मध्य रेल्वे ०१. पुढचे दोन बांधणीचं वर्ष, पुढचे चार त्या वाघिणीचा स्वतःचा क्रमांक, आणि शेवटचा एक आकडा पडताळणीचा.

माझा क्रमांक ४० ०८ ०५ १२७३. सम जागांवरचे आकडे ०, ८, ५, २, ३, बेरीज १८, तिला तीनने गुणून ५४. विषम जागांवरचे ४, ०, ०, १, ७, बेरीज १२. दोन्ही मिळून ६६. पुढची दहाची पट ७०. फरक ४. म्हणून अकरावा आकडा ४. एखाद्या कारकुनाने यार्डात पावसात उभं राहून एक आकडा चुकीचा टिपला, तर हिशेब जुळत नाही आणि चूक तिथेच सापडते.

जुन्या वाघिणीवर मी शेवटी ७ लिहिला होता, दिसायला बरा म्हणून. आज तिचाही हिशेब केला. २ यायला हवा होता.

अक्षरं पारदर्शक डेकल कागदावर, म्हणजे छापलेलं वस्तूवर उतरवायच्या कागदावर, छापली. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, म्हणून काळी टाकी न घेता रुपेरी घेतली, त्यावर काळी अक्षरं. टोकांना हवेच्या ब्रेकच्या दोन-दोन नळ्या, ब्रेक पाइपची हिरवी आणि फीड पाइपची पांढरी. गिटारच्या बारीक तारेचे तुकडे आहेत ते, तीन मिलिमीटरसुद्धा नाहीत. पण तात्या आधी तिथेच बघणार.

१८ ऑगस्ट, रविवार

तात्यांनी तिथेच बघितलं. भिंग मागून घेतलं, नळ्यांचे रंग बघितले आणि मान हलवली. मग म्हणाले, "ही धुतलेली आहे. कामावरची नाही."

टाकी वरून भरतात, मधल्या झाकणातून. भरताना थोडं सांडतंच, आणि ते झाकणाच्या दोन्ही बाजूंनी टाकीच्या पोटावरून खाली ओघळतं. त्यामुळे डाग मधोमध, वरती रुंद, खाली निमुळते. रिकामी करतात ती खालून. पण खालची तोटी नुसती उघडून उपयोग नाही, आधी वर चढून आतली मुख्य झडप उघडावी लागते. अपघातात खालची तोटी तुटली तरी तेल आत राहावं म्हणून. झडपेचं चाक झाकणाजवळ असतं, त्यामुळे माणसं पुन्हा पुन्हा वर चढतात. शिडीचे पाय आणि वरची फळी झिजलेली, हात लागून चकचकीत झालेली हवी.

"आणि रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट," ते म्हणाले. "भरलेलीत तेल असतं. रिकामीत वाफ असते. आम्ही रिकाम्या रेकजवळसुद्धा काडी ओढू देत नसू."

घरी येऊन डाग काढले. तपकिरी-काळा तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून झाकणाखाली एक थेंब सोडला आणि कोरड्या ब्रशने वरून खाली एकदाच ओढला. दुसऱ्यांदा ओढला की डाग खोटा दिसतो. ताजं तेल चमकतं, म्हणून डागावर चमकदार वार्निश, बाकी टाकीवर मंद. बोग्यांवर ब्रेकची विटकरी धूळ, आणि त्यावर चाळलेल्या जांभ्याच्या मातीची चिमूट. ती माती परसातली आहे. आमच्या बाजूच्या रुळांवरून जाणाऱ्या गाडीवर ती बसणारच.

३१ ऑगस्ट, शनिवार

पहिली फेरी. ४५७ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर दुसरी वाघीण दर वेळी त्याच जागी रुळाखाली. रूळ तपासला, चाकांची रुंदी तपासली, सगळं ठीक. शेवटी वाघीण उलटी करून हाताने बोगी वळवली तेव्हा कळलं, मी हौसेने बसवलेलं ब्रेक सिलिंडर चाकाला टेकत होतं. खऱ्या वाघिणीला एवढं तीव्र वळण कधी घ्यावं लागत नाही. सिलिंडर दीड मिलिमीटर आत सरकवलं. चाळीस फेऱ्या झाल्या, एकदाही उतरली नाही.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती आले. आरती झाल्यावर गाडी सुरू केली. भाच्यांनी इंजिनाच्या लगेच मागे टाक्या जोडल्या होत्या. तात्या खुर्चीत बसले होते, त्यांनी हात वर करून गाडी थांबवली.

"इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये साधी वाघीण घाल बाळा. इंजिनाची ठिणगी टाकीपर्यंत जायला नको."

"आजोबा, हे विजेवर चालतंय."

"असू दे. आमच्या वेळी असंच जोडत."

धाकट्याने काही न बोलता एक बंद वाघीण मधे जोडली. मग तात्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि दोन्ही टाक्यांच्या सोळाही चाकांवर एकेक करून हलकेच टिचकी मारली, कान जवळ नेऊन. यार्डात हातोडीने मारत तशी. तडा गेलेलं चाक बद्द वाजतं. शेवटचं चाक झाल्यावर त्यांनी भाच्याला हिरवा हात दाखवला आणि गाडी मखरामागून निघाली.

१५ सप्टेंबर, रविवार

गौरी-गणपती गेले. रूळ काढून ठेवले. वाघिणी या वेळी माळ्यावर, सर्वांत वरच्या फळीवर, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. कापलेली जुनी त्यांच्या शेजारीच ठेवली आहे.

पुढची कॉस्टिक सोड्याची. पन्नास टक्के द्रावण पाण्याच्या दीडपट जड, म्हणजे ५४ टनांना ३६ घनमीटर. लांबी अकरा मीटर धरली तर व्यास दोन मीटरच्या किंचित वर, एचओत साडेतेवीस. २५चा पाइप जाड पडतो, २०वर पत्र्याचे थर चढवावे लागतील. सावंतवाडीच्या कारागिरांना फोन केला, ठोकळा साडेएकवीसचा सांगितला. ते म्हणाले, "पत्र्याची जाडी सोडली आहे ना?" सोडली आहे.